सिग्नेचर साउंड: ‘बाज’ म्हणावं की ‘नादमुद्रा’?

प्रश्न असा आला आहे: ‘पन्नासेक वर्षं वाजवत आलेल्या एका रॉक बँडवर लेख लिहितेय. सिग्नेचर साउंडला, म्हणजे ऐकताक्षणी बँड ओळखू येतो त्या आवाजाला, “स्वाक्षरी ध्वनी” लिहिलं, पण वाचताना अडखळायला होतं. “शैली” चालेल का? आणि माणसं बदलली तरी जे ओळखू येतं, ते नेमकं काय असतं?’

‘स्वाक्षरी ध्वनी’ आधी खोडा. त्यातून फार तर सही करताना होणारी पेनाची कुरकुर ऐकू येते. ‘संकेतधून’ही नको. ती ठरलेली सुरावट असते. इथे सुरावट कुठलीही असो, पहिल्या काही क्षणांत बँड ओळखू येतो. ‘शैली’ चूक नाही, पण फार ऐसपैस आहे. हेवी मेटल ही शैली शेकडो बँडची आहे आणि आपल्याला त्यातला एकच वेगळा काढायचा आहे.

माझं मत ‘बाज’ला. ‘लेखनाचा बाज’, ‘नाटकाचा बाज’ असं आपण सर्रास म्हणतो, पण हा शब्द मुळात वाजवणाऱ्यांचा. सतारीत संथ मसीतखानी आणि द्रुत रजाखानी बाज आहेत. तबल्यात दिल्लीचा बंद बाज आणि पूरबचा (लखनौ-बनारसकडचा) खुला बाज. बंद आणि खुला हा फरक बोट कुठे पडतं, हाताचा किती भाग लागतो, नाद दाबला जातो की सुटतो, यावर ठरतो. म्हणजे बाज सांगताना हात आणि नाद दोन्ही एकदम सांगितले जातात. ‘शैली’त हात दिसत नाही. (लिंगाकडे मात्र लक्ष असू द्या. बँडचा ‘तो बाज’. ‘ती बाज’ म्हणालात तर बँड खाटेवर जाईल.)

हात किती महत्त्वाचा, हे ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडकडे पाहिलं की कळतं. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करताना त्यांचा गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चढवलं, आणि दाबायला सोप्या म्हणून पातळ तारा लावल्या. पुढे 1971च्या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल, स्वर खोल, रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) जड. पुढच्या पिढ्यांनी जी काळोखी जडता उचलली, तिच्यामागे त्या हाताची अडचणही होती. 1979मध्ये गायक ऑझी ऑस्बर्नला काढलं, त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला, गाण्याची तऱ्हा पार बदलली. तरी गिटार सुरू झाली की सॅबथच. बँडच्या सगळ्या अल्बमवर असलेला एकमेव माणूस आयोमीच आहे.

बाज एकट्या गिटारचाही नसतो. रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स अनेक गाण्यांसाठी सर्वांत जाड तार काढून टाकतो आणि उरलेल्या पाच तारा जी मेजर कॉर्डच्या सुरांत लावतो. मोकळ्या तारा छेडल्या तरी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, तयार. पण त्याच्यामागे ड्रमर चार्ली वॉट्स होता. स्नेअर ड्रमवर काठी पडताना तो हाय-हॅटवरचा (झांजांच्या जोडीवरचा) हात उचलायचा. एवढ्याशा पोकळीने स्टोन्सचा ठेका किंचित ढिला, झुलता वाटतो. नुसत्या गिटारची नक्कल करणारे बहुधा इथेच फसतात.

मग ‘नादमुद्रा’ कुठे? अभंगातल्या ‘तुका म्हणे’ला आपण नाममुद्रा म्हणतो. रचनेच्या आतच असलेली ही सही. त्या धर्तीवरचा ‘नादमुद्रा’ हा शब्द मी स्टुडिओत घडलेल्या ओळखीसाठी राखून ठेवीन. उदाहरणार्थ क्वीन हा ब्रिटिश बँड. गिटारवादक ब्रायन मेची गिटार त्याने वडिलांबरोबर घरी बनवलेली, आणि ती तो पिकऐवजी (तार छेडायच्या चकतीऐवजी) सिक्सपेन्सच्या जुन्या ब्रिटिश नाण्याने छेडतो. हा झाला बाज. पण गायक फ्रेडी मर्क्युरी, मे आणि ड्रमर रॉजर टेलर या तिघांचे आवाज थरावर थर चढवून उभं केलेलं समूहगान टेपवरच शक्य होतं. 1975च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तला ऑपेराचा भाग मैफलीत आला की बँड मंचावरून निघून जायचा आणि ध्वनिमुद्रण वाजायचं.

‘घराणं’ हा शब्द मोहात पाडतो, पण जपून. एसी/डीसी या रॉक बँडमध्ये गिटारवादक माल्कम यंगच्या जागी 2014मध्ये त्याचा पुतण्या स्टीवी आला आणि ऱ्हिदम (ठेका धरणाऱ्या) गिटारचा घट्टपणा तसाच राहिला, तिथे तो शोभेल.

नाव तेच म्हणून बाजही तोच, असं मात्र धरू नका. फ्लीटवुड मॅक 1967मध्ये पीटर ग्रीनच्या ब्लूज गिटारभोवती उभा राहिला. 1974च्या अखेरीस लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीवी निक्स आल्यावर तो पॉपकडे वळला. ड्रमवर फ्लीटवुड, बेसवर मॅकव्ही, दोन्ही वेळा तेच. तरी 1968चं आणि 1977चं गाणं लागोपाठ ऐकवलं तर नवख्याला दोन बँड वाटतील. अशा बँडबद्दल ‘आधीचा बाज’ आणि ‘नंतरचा बाज’ असं सरळ लिहावं.

तुमच्या लेखात एकदा ‘सिग्नेचर साउंड’ लिहून पुढे सगळीकडे ‘बाज’ वापरा. आणि त्याआधी ‘खास’ लावू नका, बाज म्हटला की तो खासच असतो.