तळकोकणात जत्रा, दशावतार, शिमगा बघायचा तर नेमकं कधी जावं?

तुम्ही विचारलंय की पुण्यातनं फॅमिली घेऊन तळकोकणात यायचंय, समुद्र आणि किल्ला आधीच बघून झालाय, आता जत्रा आणि दशावतार बघायचाय, मुलांच्या सुट्टीमुळे मे महिना सोयीचा पडतो, तर मे मध्ये आलं तर चालेल का. मी कुडाळच्या बाजूचा, त्यामुळे सिंधुदुर्गाचंच सांगतो. दशावतार म्हणजे इथलं पुराणातल्या कथांवरचं, रात्री चालणारं लोकनाट्य.

सरळ सांगायचं तर जत्रेसाठी मे नको. मे मध्ये दशावताराचं नाटक मिळेल, जत्रा नाही मिळणार, आणि माझ्या मते दशावतार पहिल्यांदा बघायचा तर तो जत्रेतच, देवळासमोर बघावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्यातला कुठलाही एक लांबलेला वीकेंड काढा, मुलांची दोन दिवस शाळा बुडली तरी चालेल असं मी म्हणेन.

हे असं का, तर इथलं सगळं कॅलेंडर भातावर चालतं. दसऱ्याच्या आगेमागे कापणी सुरू होते, झोडणी होऊन भात घरात आलं की तुळशीचं लग्न, आणि त्रिपुरारी पौर्णिमेपासून गावोगावच्या ग्रामदेवतांच्या जत्रा लागतात, आज ह्या गावात, उद्या पलीकडच्या वाडीत, काही दिवशी तर एकाच रात्री आसपासच्या तीन-चार गावांत. दशावतारी कंपन्यांचा पेटारा, म्हणजे नाटकाच्या सामानाची पेटी, पण ह्याच सुमाराला बाहेर पडतो आणि मिरग (जूनच्या सुरुवातीचं मृग नक्षत्र) जवळ आला की परत घरी येतो, कारण कंपनीतले बरेच जण स्वतः शेतकरी, पावसात ते तुम्हाला लावणीला चिखलात दिसतील. रात्री राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करणारा माणूस दिवसा कुठे झोपतो, काय खातो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुढच्या गावात कसा पोचतो हे बघितलं की ह्या लोकांबद्दलचा आदर दुप्पट होतो. सगळा सीझन ते असेच फिरतात, टेम्पोत सामान, वर माणसं, आणि फक्त सिंधुदुर्ग नाही तर गोव्यात पेडणे, डिचोलीपर्यंत.

आता जत्रेची रात्र कशी असते ते सांगतो कारण खरी मजा तीच आहे आणि बाहेरून येणारे नेमके ती अर्धवट बघून जातात. दिवसभर देवीची ओटी भरायला बायकांची रांग असते, त्यात लग्न होऊन बाहेर गेलेल्या माहेरवाशिणी, मुंबईहून खास आलेले चाकरमानी, सगळे. मानकऱ्यांतला कोणीतरी देवाला गाऱ्हाणं घालत असतो, बा देवा महाराजा करून, आणि बाजूला उभे असलेले दर वाक्याला 'होय महाराजा' म्हणतात. बाहेर दुकानं लागलेली, खाजं, लाडू, खेळणी, बांगड्या, गरम भजी. खाजं म्हणजे बेसनाच्या कांड्यांवर आलं घातलेल्या गुळाचा पाक, ते विकत घेतल्याशिवाय जत्रेतनं घरी जायची पद्धत नाही. रात्री पालखी निघते, ढोल-ताशात देवळाभोवती प्रदक्षिणा होतात, आणि ती आत गेली की मग कुठे दशावतार उभा राहतो. म्हणजे बारा, साडेबारा, कधी एक. तुम्ही साडेनवाला जेवून गेलात आणि अकरापर्यंत काही होईना म्हणून रूमवर परत आलात तर काहीच बघितलं नाहीत असं समजा.

सुरुवातीला आडदशावतार, ज्याला पूर्वरंग म्हणतात. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती, ब्रह्मदेव, आणि मग काळ्या कपड्यातला संकासुर, जो वेद चोरतो आणि चक्क मालवणीत बोलतो, त्याचं आणि समोरच्याचं जे काही बोलणं चालतं त्यावर म्हातारी माणसं पण पोट धरून हसतात. शेवटी विष्णू त्याला मारतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी वेळ नाही म्हणून आडदशावतार दहा-पंधरा मिनिटांत उरकतात आणि मला ते मनापासून खटकतं, कारण बाकीचं आख्यान रोज बदलतं पण हा भाग पिढ्यान् पिढ्या तसाच चालत आलेला आहे आणि जुनी जाणती माणसं निघून गेली की तो पूर्ण उभा करणारं कोणी राहणार नाही. जिथे पूर्ण होतो ते गाव कळलं तर तिथेच जा.

मग आख्यान. ह्यात काय विशेष आहे ते मुलांना आधीच सांगून ठेवा: लिहिलेलं नाटक नसतं. आज कुठली कथा करायची ते ठरतं, कोण कुठला पार्ट करणार ते ठरतं, प्रसंगांचा क्रम बोलून घेतात, आणि संवाद ज्याचे त्याने स्टेजवर उभं राहून जागच्या जागी बोलायचे. समोरचा राजा चार वाक्यं संस्कृतप्रचुर टाकून गेला की ह्याला त्याच्या वरचढ उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं, पुराणं पाठ असल्याशिवाय हे होत नाही, आणि ह्यातले कित्येक जण सातवी-आठवीच्या पुढे शिकलेले नसतात. स्टेजवर सामान काय तर एक पडदा आणि एक बाकडं, तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच रथ. बाजूला पेटी, मृदंग, झांज. मेकअप प्रत्येकजण स्वतःचा स्वतः करतो. बाईचा पार्ट पुरुषच करतात आणि चांगला स्त्रीपार्टी असेल तर पाच मिनिटांत तुम्ही हे विसरून जाल, मागच्या रांगेतली एखादी आजी त्याच्या रडण्यावर खरोखर डोळे पुसत असते. २०२२ मध्ये गेलेले नेरूरचे सुधीर कलिंगण, ज्यांना इथे लोकराजा म्हणायचे, त्यांचा राजपार्ट बघायला लोक दुसऱ्या तालुक्यातनं गाड्या करून यायचे. आजही लोक 'आज खंयची (कुठली) कंपनी' असं विचारूनच जत्रेला निघतात, पार्सेकर, मोचेमाडकर, आरोलकर, खानोलकर, चेंदवणकर, वालावलकर, ज्याची त्याची आवड ठरलेली.

पहाटे आख्यान संपलं की दहीकाला, हंडी फुटते, आणि मगच जत्रा संपते. म्हणूनच जुनी माणसं दशावताराला सरळ धयकालोच म्हणतात. मुलं झोपली तर झोपू द्या, तिथे चटईवर अर्ध्या गावाची मुलं झोपलेली असतात, हंडीच्या वेळी उठवा.

मोठ्या जत्रांपैकी सावंतवाडी तालुक्यातली सोनुर्लीच्या माऊलीची, त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, हिला लोटांगणाची जत्रा म्हणतात. नवस बोललेले लोक दिवसभर उपवास करून रात्री देवळाभोवती लोटांगण घालतात, पुरुष जमिनीवर लोळत आणि बायका उभ्याने चालत, आणि ते सुरू असताना जो भाव असतो तो लिहून सांगता येत नाही. मसुऱ्याजवळची आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा सगळ्यात गाजलेली, पण तिला ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते, त्यामुळे २०२३ ला ती ४ फेब्रुवारीला होती, २०२४ ला २ मार्चला आणि २०२५ ला २२ फेब्रुवारीला. तारीख जाहीर झाली रे झाली की मुंबईत रेल्वेच्या तिकिटांवर उड्या पडतात, स्पेशल गाड्या सोडतात तरी पुरत नाहीत. तिथे रात्री आंगणे कुटुंबातल्या बायका देवीचा प्रसाद रांधतात तो एक शब्द न बोलता. महाशिवरात्रीला देवगडजवळ कुणकेश्वर, देऊळ अगदी समुद्राला लागून, आसपासच्या गावांचे देव तिथे तीर्थस्नानाला येतात.

पण मला विचाराल तर पहिल्यांदा येताना ह्या मोठ्या जत्रा नको. लाखो माणसं, दोन-दोन किलोमीटर आधी गाडी लावायची, दर्शनाची रांग, त्यात लहान मुलं, तुमचा सगळा वेळ गर्दीत जाईल आणि दशावतार लांबून कुठेतरी ऐकू येईल. त्यापेक्षा कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी ह्या भागातल्या एखाद्या लहान गावाची जत्रा पकडा, जिथे पाचशे-हजार माणसं असतात, तुम्ही पाहुणे आहात हे कळलं की कोणीतरी पुढे जागा करून देतं आणि चहा पण आणून देतं. माझं सगळं सांगणं ह्या एका गोष्टीवर येतं, एकच गाव, एकच रात्र, पण पूर्ण. चार दिवसांत सहा ठिकाणं असा प्लॅन केलात तर हातात फक्त फोटो राहतील.

शिमग्याचं वेगळं. पालख्या नाचवणं, नमन-खेळे (तिकडचं लोकनाट्य) हे बघायचं तर रत्नागिरी जिल्ह्याकडे, तिकडे देव पालखीत बसून घरोघर येतो आणि बंद घरं त्या आठ दिवसांसाठी उघडतात. आमच्याकडे होळी उभी राहिली की गावाच्या रीतीप्रमाणे पाच, सात, कुठे पंधरा दिवस चालतं, राधा (बाईच्या वेषातले पुरुष) नाचतात, रोंबाट म्हणजे शिमग्याची मिरवणूक निघते. नेरूरचं मांडाचं रोंबाट बघण्यासारखं, गावातले कलाकार मोठाले हलते देखावे करून नाचवत आणतात, ते रात्रीच असतं.

गणपतीत येणार असाल तर कोणाच्या तरी घरी या, टूरिस्ट म्हणून नको, हॉटेलात राहून गणपतीचं काहीच दिसत नाही. घरोघर रात्री वाडीचं भजन फिरतं, बायकांच्या फुगड्या, उसळ, आणि दोन बुवांची डबलबारी (भजनाचा सामना) असेल तर पहाट होते. रेल्वेचं रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीचं तर बघता बघता संपतं हे लक्षात ठेवा. त्याच्याआधी नारळी पौर्णिमेला मालवण बंदरावर नारळ लढवायचा खेळ असतो, हातातल्या नारळाने समोरच्याचा नारळ फोडायचा, हे मुलांना फार आवडेल, आणि एका संध्याकाळीत होतं.

एक गोष्ट मात्र 'बघायला' येऊ नका, ती म्हणजे गावपळण. आचऱ्याला आणि त्या बाजूच्या काही गावांत काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन झोपड्या बांधून राहतं. बाहेर राहिलेल्या लोकांची ती मजा असते, गाणी, भजनं, गप्पा चालतात, कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्या राहुटीत जाऊन जेवा. पण रिकामं गाव शूट करायला कॅमेरा घेऊन आत शिरणारे लोक हल्ली दिसतात ते अतिशय चुकीचं आहे.

आता तुमच्या मे महिन्याचं. यायचंच असेल तर पहिल्या पंधरवड्यात या. मंडळांचे वर्धापनदिन, सत्यनारायणाच्या पूजा ह्या निमित्ताने नाटकं असतात, बहुतेक ट्रिकसीनची, म्हणजे धूर, लाइट, आकाशातनं उतरणारा देव वगैरे, किंवा वेगवेगळ्या कंपन्यांतले नावाजलेले कलाकार एकत्र आणून केलेला संयुक्त दशावतार. जुनी माणसं ट्रिकसीनला नाकं मुरडतात पण मुलांना आवडतं आणि कलाकारांना चार पैसे जास्त मिळतात, मला त्यात वाईट वाटत नाही. ही नाटकं लवकर पण सुरू होतात, रात्री दहाला वगैरे. आणि कुडाळजवळ पिंगुळीला आवर्जून जा, ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला), कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या तिथे घरातच जपलेल्या आहेत, परशुराम गंगावणे ह्यांना त्यासाठी २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली, त्यांचं ठाकर आदिवासी कला आंगण म्हणून म्युझियम आहे. आधी फोन करून गेलात तर खेळ पण दाखवतात. खेळ बघितलात तर मानधन नीट द्या, घासाघीस नको, आणि जमलं तर एखादं चित्र विकत घ्या.

जत्रेला येताना शाल, स्वेटर आणा, डिसेंबरात पहाटे दव पडतं आणि अंगण उघडं असतं. बसायला चटई किंवा जाड चादर. व्हिडिओ काढा पण तोंडावर लाइट मारू नका, आणि मेकअप चालू असतो तिथे विचारल्याशिवाय घुसू नका, पेटाऱ्याला पाय लागणार नाही एवढं बघा, त्याची पूजा होते. पार्ट आवडला तर बक्षीस द्यायची पद्धत आहे, पेटीवाल्याकडे नाव आणि पैसे द्यायचे. गाडी स्वतःची ठेवा, मध्यरात्रीनंतर रिक्षा मिळत नाही.

तारखांसाठी गुगलवर विसंबू नका. कालनिर्णयात तुळशीचं लग्न आणि त्रिपुरारी बघून त्याच्या पुढच्या आठवड्यापासून देवदिवाळीपर्यंतची (मार्गशीर्ष प्रतिपदा) एक रेंज ठरवा आणि कुडाळ किंवा वेंगुर्ल्याच्या एखाद्या घरगुती होमस्टेला फोन करून एवढंच विचारा की ह्या चार दिवसांत जवळपास कुणाची जत्रा आहे आणि कंपनी कुठली आहे. मालक स्वतः जत्रेला जाणारा असेल तर तो तुम्हाला त्याच्यासोबतच घेऊन जाईल, असाच होमस्टे बुक करा. आणखी काही विचारायचं असेल तर खाली लिहा, कुठल्या आठवड्यात येताय ते कळलं तर गावाचं नाव पण सांगेन.