डिफ लॉक कधी लावायचा?

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची काजूची बाग आहे. जुनी फोर्स गुरखा जीप घेतलीय, पुढं-मागं डिफ लॉक असलेली. चढावर एक चाक नुसतं फिरतं, तेव्हा लॉक लावतो तर खाडकन आवाज येतो. चुकतं कुठं? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : वेळ चुकते. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारी गिअरची जोडणी. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक अधांतरी झालं की तेच गरगरतं, जमिनीवरचं ढिम्म हलत नाही. लॉक लागला की दोन्ही एकाच वेगानं फिरतात. पण फिरत्या चाकावर लावलात तर आतले दात जातील. चढाच्या पायथ्याशी थांबा, लो रेंज (कमी वेगाचा, जास्त ओढीचा गिअर) टाका, मागचा लॉक लावा, मगच चढा. वर पोचलात की काढा. पुढचा अगदी गरजेलाच, तोही सरळ वाटेवर, कारण मग स्टिअरिंग दगडासारखं होतं. धारबांदोड्याच्या तांबड्या चिखलात मी तो लावलेला ठेवूनच वळायला गेलो. गाडी वळलीच नाही, थेट पोफळीच्या आळ्यात. डांबरावर दोन्ही काढलेलेच हवेत.

आणि कृपा करून सरावाला किनाऱ्यावर जाऊ नका. गोव्यात ते बेकायदा आहे. मोरजी, आगोंदच्या वाळूत कासवं अंडी घालतात. तिथं चाकांचे माग दिसले की जीव तुटतो.