शहरात राहून रानभाज्या खायला शिकायचंय, सुरुवात कुठून करावी?

टाकळ्यापासून करा. कोवळी पानं चिरून कांदा-लसूण-मिरचीवर परतली की झालं. कांद्याच्या पातीसारखी दिसणारी फोडशीही सोपी, फक्त मुळाकडच्या पांढऱ्या भागात माती अडकते. पात उघडून दोन-तीन पाण्यांतून धुवा.

खरी कसोटी शेवळांची, म्हणजे रानसुरणाच्या कोवळ्या फुलोऱ्यांची, आणि चवही तशीच. जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या सुमारास ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत जुड्या येतात. सोबत काकडं, म्हणजे काकड नावाच्या रानझाडाची छोटी हिरवी आंबट फळं मिळतात, तीही घ्याच. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून कच्ची राहिली की घसा खाजतो. हाताला तेल लावून वरचं आवरण सोला, आतल्या दांड्याचा पिवळा कणीदार भाग टाकून द्या. उरलेलं बारीक चिरून भरपूर तेलात मऊ होईपर्यंत परता, मग ठेचलेल्या काकडांचा रस घालून शिजवा. काकडं नसतील तर चिंचेचा दाट कोळ. आंबटात हात आखडू नका. सोललेले वाल किंवा कोलंबी घातली तर फारच छान.

पहिल्यांदा दोन घासच खा. रानातून स्वतः खुडून आणू नका. सारख्या दिसणाऱ्या वनस्पती विषारी असू शकतात. विकणाऱ्या मावशींना नाव, कुठला भाग टाकायचा आणि आंबट काय घालायचं, एवढं विचारून घ्या.