बेअरिंग ठोकावं लागतंय? आधी ड्रॉइंग बघा

प्रश्न : छोटा गिअरबॉक्स बनवतो. शाफ्ट 40 मिमी, दोन्ही टोकांना 6208 (40 बोअरचं बॉल बेअरिंग). टोकापासून सीटपर्यंत (बेअरिंग बसतं त्या जागेपर्यंत) बेअरिंग 110 मिमी ठोकत न्यावं लागतं. बसवल्यावर जड फिरतं आणि तासाभरात गरम होऊन जॅम होतं. शाफ्टचा साइज थोडा उतरवू का? (शिरोली औद्योगिक वसाहत)

उत्तर : नको. इनर रेस (बेअरिंगची आतली रिंग) शाफ्टवर घट्टच हवी. सैल ठेवली तर ती शाफ्टवर हळूहळू सरकत राहते आणि महिन्याभरात सीट खाल्लेली दिसते. मग पंच मारून 'घट्ट' करायचा उद्योग सुरू होतो.

अशा घट्ट सीटसाठी ड्रॉइंगवर k6 हा टॉलरन्स लिहितात; k6 म्हणजे 40 वर +2 ते +18 मायक्रॉन. बेअरिंगचा बोअर 0 ते −12. म्हणजे पकड 2 ते 30 मायक्रॉन. ही पकड फक्त बेअरिंगच्या रुंदीइतक्या, म्हणजे 18 मिमी भागात लागते. तुम्ही ती 110 मिमीभर ठेवली आहे. बेअरिंग तेवढं अंतर घासत जाताना सीटचा वरचा थर खरवडून जातो, त्यामुळे मायक्रोमीटरवर दिसलेली पकड हातात उरत नाही. टोकाकडचा भाग 39.5 करा आणि सीटच्या तोंडाशी 15 अंशांचा, दोन-तीन मिमी लांब चॅम्फर (उतरती कड) द्या. बेअरिंग हाताने सीटच्या तोंडापर्यंत जाईल आणि सरळ उभं राहील. वाकडं सुरू झालेलं बेअरिंग पुढे कुठलाच फिटर सरळ करू शकत नाही.

आता शोल्डर, म्हणजे बेअरिंग जिला टेकतं ती शाफ्टची पायरी. 6208 च्या कोपऱ्याचा रेडियस किमान 1.1 मिमी असतो, म्हणून शाफ्टच्या कोपऱ्यातला रेडियस 1 मिमीपेक्षा मोठा चालत नाही. टर्नरच्या टूलचं नाक मोठं असलं की बेअरिंग शोल्डरला न टेकता रेडियसवर चढून बसतं. शाफ्ट नेमक्या जागी का येत नाही, याचं निम्म्या वेळा हेच कारण असतं. शोल्डरचा व्यास किमान 47 ठेवा. हौसिंगच्या बाजूला आउटर रेस कव्हरच्या ज्या कडेला टेकते, तिचा आतला व्यास 73 पेक्षा मोठा नको. शोल्डरमध्ये समोरासमोर दोन खाचा काढा, म्हणजे पुढे काढताना पुलरचे पंजे इनर रेसलाच धरतील.

जॅम होण्याचं कारण बहुधा वेगळं आहे. तुमच्या दोन्ही कव्हरांनी दोन्ही बेअरिंगं आवळली असणार. बेअरिंगांमधलं अंतर 300 मिमी आणि शाफ्ट केसिंगपेक्षा 25 अंशांनी जास्त गरम धरला, तर तो सुमारे 0.09 मिमी जास्त वाढतो. त्याला जायला जागाच नाही. एकच बेअरिंग दोन्हीकडून पक्कं करा, दुसऱ्याच्या आउटर रेसला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिमी मोकळीक द्या. त्या हौसिंगचा बोअर 80 H7 (80 किंवा किंचित मोठा) हवा, तरच ते सरकेल. आणि बेअरिंग C3 (आत जास्त मोकळीक असलेलं) घ्या: साध्याचा क्लिअरन्स 6 ते 20 मायक्रॉन असतो, C3 चा 15 ते 33. तुमची पकड 25-30 मायक्रॉनवर गेली की साध्यात काही उरत नाही.

केसिंगचे दोन्ही बोअर एकाच सेटिंगमध्ये, आरपार 80 ठेवून काढा. कास्टिंगमध्ये शोल्डर ठेवला की जॉब उलटवावा लागतो आणि बोअरची रेषा तिथेच बिघडते.

प्रश्न : बेव्हल पिनियनची (शंकूच्या आकाराच्या छोट्या गिअरची) जागा दर बॉक्सला वेगळी येते. सगळ्यांच्या टॉलरन्स आवळायच्या का? (उद्यमनगर)

उत्तर : आवळू नका, महाग पडेल. पिनियन, दोन्ही टेपर रोलर बेअरिंगं आणि स्पेसर फ्लँजवाल्या कार्ट्रिजमध्ये (कडा असलेल्या नळीसारख्या वेगळ्या हौसिंगमध्ये) टेबलावरच बसवा. मग सगळा संच केसिंगमध्ये सरकवा. फ्लँजखालच्या शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) पिनियनची जागा ठरेल, बेअरिंगच्या कव्हरखालच्या शिमने एंड प्ले (शाफ्टची लांबीच्या दिशेची मोकळीक). या दोन शिम कधीही एकमेकांत मिसळू नका.

एंड प्ले असा काढा. कव्हर शिमशिवाय, शाफ्ट हाताने फिरवत हलकं आवळा. रोलर जागेवर बसायला दहा-पंधरा फेरे लागतात. फट फीलर गेजने तीन ठिकाणी मोजा. फट 0.42 आली आणि एंड प्ले 0.08 हवा असेल, तर शिम 0.50. पातळ शिमचा गठ्ठा टाळा, जाड दोन-तीन पुरे. कागदी गास्केट तिथे नको, ते दबतं आणि मोजमाप वाया जातं.

फ्लँजखालच्या शिम यू आकाराच्या कापल्या, तर कार्ट्रिज पूर्ण न काढता बदलता येतात. फ्लँजमध्ये M8 चे दोन आटे काढा, बोल्ट पिळला की कार्ट्रिज बाहेर ढकलली जाते. कार्ट्रिजवर दोन फिटिंग व्यास असतील, तर एक दुसऱ्याच्या चार मिमी आधी बोअरमध्ये शिरेल असं ठेवा. दोन्ही एकदम शिरायला लागले की फिटरचा हात हातोड्याकडे जातोच.

प्रश्न : इंडक्शन हीटर नाही. तेलात तापवलं तर चालेल? (कागल)

उत्तर : उघडं बेअरिंग असेल तर चालेल. शाफ्टपेक्षा 80 अंश जास्त तापवलं की 40 चा बोअर सुमारे 38 मायक्रॉन उघडतो, 30 ची पकड सुटते. म्हणजे शाफ्ट 30 अंशांना असेल तर बेअरिंग 110 अंशांच्या आसपास. 120 ओलांडू नका. बेअरिंग भांड्याच्या तळाला न टेकवता जाळीवर ठेवा. सीलबंद, ग्रीस भरलेलं बेअरिंग तेलात नकोच. गॅसच्या ज्योतीने तर कुठलंच नको.

चढवल्यावर पकड येईपर्यंत शोल्डरला दाबून धरा. थंड होताना रेस रुंदीतही आकसते आणि फट राहते, म्हणून गार झाल्यावर नट पुन्हा आवळा. गार असतानाच प्रेस करायचं असेल, तर पाइपचा तुकडा फक्त इनर रेसवर टेकवा. आउटरवर जोर दिला की गोळ्यांचे ठसे ट्रॅकवर उमटतात, आणि आवाज पहिल्याच दिवशी येतो.

प्रश्न : उसाच्या चरकाचा गनमेटल बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) बसवल्यावर शाफ्ट शिरत नाही. (पन्हाळा तालुका)

उत्तर : प्रेस केल्यावर बुशचा बोअर आकसतो, हे नेहमीचंच. बोअर थोडा लहान ठेवून बुश बसवा, मग जागेवरच रीमर मारा. तेलाचं भोक हौसिंगच्या भोकाशी जुळेल अशी खूण प्रेस करण्याआधी करा, नंतर बुश फिरत नाही.