चार दलांचं विशेष बचावपथक: सामानाआधी बोलावण्याचं ठरवा

शेजारशेजारची चार छोटी अग्निशमन दलं मिळून विशेष बचावपथक उभं करायचं म्हणताय आणि कुठल्या दलाने काय सामान घ्यायचं यावर बैठका अडल्यात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते सामानाची यादी तूर्त कपाटात ठेवा. बोलावणार कोण आणि कधी, हे आधी पक्कं करा.

चर खचल्याची वर्दी, म्हणजे मदतीसाठी आलेला फोन, उदाहरण म्हणून घ्या. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते, ओली असली तर त्याहून जास्त. माणूस छातीपर्यंत गाडला गेला की तोंड मोकळं असूनही श्वास घेता येत नाही. त्याने श्वास सोडला की माती आणखी आत सरकते, पुढच्या श्वासाला छाती फुगायला जागाच उरत नाही. आता नेहमी काय होतं बघा. स्थानिक बंब पोहोचतो, अधिकारी पाहणी करतो, आपल्याच्याने होतंय का ते अजमावतो, आणि हात टेकले की शेजारच्या दलाला फोन. (मदत मागण्यात कमीपणा वाटणारे साहेब प्रत्येक दलात असतात.) तोवर उशीर झालेला असतो. म्हणून ‘चर’, ‘मॅनहोल’, ‘टाकीत माणूस’ असं काही कानावर पडताच नियंत्रण कक्षाने कुणालाही न विचारता विशेष पथक रवाना करावं. गरज नसली तर वाटेतून परत फिरवता येतं. रिकामी फेरी झाली म्हणून कुणी हिशेब मागणार नाही, हेही करारात लिहून घ्या.

पथक येईपर्यंत पहिल्या गाडीवरच्या जवानांनी काय करायचं नाही, ते त्यांना माहीत हवं. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्येच सांगून ठेवलं होतं की मॅनहोल, टाकी अशा बंदिस्त जागेतल्या मृतांमध्ये ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला उतरलेले असतात. चरीच्या बाबतीतही तेच: काठावरची गर्दी हटवा, जवळची यंत्रं आणि वाहनं बंद करा, आत किती जण आहेत ते विचारून घ्या, आणि चरीच्या भिंतींना टेकू लागल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका. जेसीबीने उकरायला तर मुळीच नाही, मग नातेवाईक कितीही ओरडोत.

एवढं चारही दलांतल्या प्रत्येक जवानाला शिकवा. एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मानकांत तीन पायऱ्या आहेत: धोका ओळखणं, मर्यादित काम करणं आणि प्रत्यक्ष तज्ज्ञ. तिसऱ्या पायरीवर सगळ्यांना चढवायच्या भानगडीत पडू नका. एका दलाने दोरखंडाचं काम धरावं, दुसऱ्याने बंदिस्त जागेचं, तिसऱ्याने चरी आणि ढिगाऱ्याचं. हातात नसलेलं कौशल्य गंजतं, आणि छोट्या दलाला अशा वर्द्या वर्षभरात फारशा येतच नाहीत.

आता सामान. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोरला आग लागली, आसपासच्या शहरांतून बंब धावून आले, पण त्यांच्या होजची कपलिंग, म्हणजे टोकाच्या जोडण्या, तिथल्या हायड्रंटला (आगीसाठीच्या पाण्याच्या नळाला) बसेनात. दीड हजाराच्या आसपास इमारती गेल्या. तुमच्याकडे हीच गत बी.ए. सेटचे (पाठीवरच्या श्वसनयंत्राचे) सिलिंडर, रेडिओचे चॅनेल आणि टेकूंच्या जोडण्यांची होऊ शकते. खरेदी कुणीही करा, मेक एकच ठेवा. सराव एकमेकांच्या गाडीवर, मुद्दाम रात्री, कुठल्या कप्प्यात काय आहे ते न सांगता घ्या.

घटनास्थळाचा ताबा स्थानिक अधिकाऱ्याकडेच राहू द्या, मात्र ‘थांबा, कुणी उतरू नका’ म्हणायचा हक्क पथकप्रमुखाचा, आणि तो हुद्द्याने लहान असला तरी. जखमी जवानाचा विमा, तुटलेल्या सामानाची भरपाई, डिझेलचा खर्च हे एका पानात बसतं. विसरतं ते भलतंच: तज्ज्ञ जवान तिकडे गुंतलेले असताना त्यांच्या स्वतःच्या हद्दीत आग लागली तर केंद्रात कोण? त्यासाठी उरलेल्या दलांपैकी एकाची गाडी आपोआप तिथे जाऊन उभी राहील, अशी सोय करा.

चौथं दल अजून तळ्यात-मळ्यात करतंय म्हणालात ना, त्याची वाट पाहू नका. तिघांनी सही करा आणि पहिल्या सरावाला त्यांना नुसतं बघायला बोलवा.