ड्युटी उंबऱ्याबाहेर ठेव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस आणि चहा गार होईपर्यंत नुसती कपाकडे बघत बसलीस. जाताना रिक्षासाठी सुटे पैसे शोधलेस, तेव्हा पर्समधून एक पांढरा पट्टा वर आला. पेशंटच्या मनगटाचा. निळ्या पेनानं लिहिलेला नोंदणी क्रमांक, वय 11. तू तो घाईनं आत ढकललास. मी तेव्हा काही बोलले नाही.

मग चपला घालता घालता म्हणालीस, "सिस्टर, दिवसभराचं मनावरचं ओझं काढायला हार्टफुलनेसच्या ध्यानातली सफाई करायला बसते, तर तोच मुलगा दिसतो. त्याला पुसून टाकतेय असं वाटतं."

नाही गं. 1994 साली माझ्या वॉर्डात एक बाई आली होती, ऐंशी टक्के भाजलेली. हिरव्या बांगड्या मनगटाला चिकटलेल्या. शेवटपर्यंत शुद्धीवर होती आणि एकच विचारत होती, "म्हैस कोण पिळंल?" आज इतक्या वर्षांनी तिचा आवाज मला जसाच्या तसा ऐकू येतो. मी हजारो संध्याकाळी सफाईला बसले, ती कुठे पुसली गेली? आठवण राहते, तिचा डंख जातो. आपल्याकडे ज्याला संस्कार म्हणतात, मनावर उमटलेला ठसा, तो जातो.

तुझी चूक कुठे होतेय ते सांगते. सफाईत जो धूर बाहेर जातोय असं धरायचं, त्या धुरात तू त्या मुलाला शोधतेस. पद्धत साधी आहे: आरामात बसायचं, दिवसभराचा सगळा गुंता आणि जडपणा पाठीतून, टाळूपासून माकडहाडापर्यंत, धुरासारखा बाहेर जातोय असा भाव धरायचा. मग पुढून पवित्र प्रवाह आत येतोय आणि ती जागा भरतोय. 20 ते 30 मिनिटं. धुरात काय काय आहे हे बघत बसायचं नाही, एकेक गोष्ट उचलून फेकायची नाही. तू मला दोनदा सांगितलंस, "त्याचं ऑक्सिजन सॅच्युरेशन उतरलं तेव्हा मी शेजारच्या बेडवर होते." तो जो काटा आहे ना, जायचं ते तो. मूल नाही.

आणि ही सफाई तू करतेस कधी? रात्री अकराला, गादीवर, आईशी फोनवर भांडून झाल्यावर! कितीदा सांगू? ड्युटी संपली की आधी सफाई, मग घर. उंबऱ्याच्या आत ड्युटी न्यायची नाही. नाइट असेल तर सकाळी, झोपण्याआधी. तुमची ड्युटी संपते तीच तुमची संध्याकाळ, घड्याळ काहीही सांगो.

सकाळचं ध्यान तुला आवडतं, मला ठाऊक आहे. हृदयात प्रकाश आहे एवढा हलका भाव ठेवून बसायचं, विचार आले तर येऊ द्यायचे. गोड वाटतं ते. मलाही वाटायचं. 2001 साली आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त रेल्वे गार्डांनी मला ओळीनं तीन दिवस तीन सिटिंग दिल्या, म्हणजे समोर बसवून ध्यान करवलं, एक पैसा न घेता. तेव्हा हार्टफुलनेस हे नाव नव्हतं, सहज मार्गच म्हणायचे. मी सकाळचं ध्यान धरलं आणि संध्याकाळची सफाई सोडून दिली. वेळ नाही म्हणायचे. चार वर्षं.

2005च्या दिवाळीत गाद्या उन्हात टाकताना मुलीच्या गादीखाली एक प्रमाणपत्र सापडलं. शंभर मीटर धावणं, पहिला क्रमांक, तारीख सहा महिन्यांपूर्वीची. विचारलं तर म्हणाली, "तू ड्युटीवरून आलीस की बोलायचं नसतं ना." धाकट्यालाही तिनं तेच शिकवून ठेवलं होतं: आईनं पाय धुवून चहा घेईपर्यंत गप्प बसायचं. मी कधी हात उगारला नव्हता बाळ. नुसती घरी यायचे, तेवढ्यानं ती पोरं गप्प व्हायची.

दुसऱ्या दिवसापासून चेंजिंग रूममधल्या लोखंडी स्टुलावर बसायला लागले. कपडे बदलायचे, किल्ल्या दिल्यात ना ते बघायचं आणि अर्धा तास डोळे मिटायचे. पावणेनऊची सिटी बस चुकायची. सासूबाई बोलल्या, मैत्रिणी बोलल्या. घरची कामं सोडून अर्धा तास बसते म्हणे! अर्धा तास उशिरा जात होते, पण मुलीची वेणी घालताना माझं लक्ष तिच्या केसांत असायचं. वॉर्डात मला दगड म्हणायचे, कारण मी रडत नव्हते. लहान बाळाची शीर शोधताना हात थरथरला तर ते बाळ कुणी वाचवायचं? मी कठोर नव्हते. हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन.

तू म्हणतेस, हे सगळं संन्याशांचं आहे, आपल्याला कुठे झेपणार. ज्यांनी हे 1945 साली मिशन म्हणून उभं केलं, ते शाहजहानपूरचे रामचंद्रजी कोर्टात कारकून होते. फायली, साहेब, घर, मुलंबाळं, सगळं होतं. नोकरी सांभाळणाऱ्या माणसानं घडवलेली पद्धत आहे ही. हैदराबादजवळच्या आपल्या आश्रमात, कान्हा शांतिवनम्‌मध्ये एक लाख माणसं बसतील एवढं सभागृह आहे, 2020 साली सुरू झालेलं. गेलीस तर जरूर बस तिथे. पण तुझं काम त्या लोखंडी स्टुलावरच होणार आहे.

आणखी एक, यावर वाद घालू नकोस. तीन आठवडे धड झोप नाही म्हणालीस. मानसोपचाराच्या ओपीडीत जाऊन ये. ध्यान करणारीनं डॉक्टरकडे जाऊ नये असं आपल्यात कुणीही शिकवत नाही. पेशंटला सांगतेस तेच स्वतः कर.

नोकरी सोडायचा अर्ज लिहून ठेवलायस तो राहू दे तसाच. फाडायला सांगत नाही. महिनाभर ड्युटीनंतर बसून बघ, एकही दिवस न चुकवता. एकही. "आज खूप दमले" हे कारण मला सांगायचं नाही, दमतेस म्हणूनच बसायचंय.

गुरुवारी तुझी मॉर्निंग आहे, दोनला सुटशील. घरी जाऊ नकोस, सरळ इकडे ये. मागच्या खोलीत दोघी बसू, मग जेवू. आमटी-भात करून ठेवते. तो पट्टा पर्समध्येच असू दे, मी तो टाकायला सांगणार नाही.

तुझी,
सिस्टर