दिलेलं किती, धरलेलं किती

बँकेच्या परीक्षा जवळ आल्या की गोव्यात म्हापशातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं: "मॅडम, मला रिझनिंगचं डोकंच नाही." रिझनिंग म्हणजे तर्काचे प्रश्न. या वेळी ते वाक्य पेडण्याहून कदंबाच्या बसने येणाऱ्या एका मुलीने म्हटलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गणित पक्कं, पण सांकेतिक विधानं आली की हातपाय गळायचे. बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या पूर्वपरीक्षेत रिझनिंगचे 35 प्रश्न, वेळ 20 मिनिटं, चुकलं की पाव भाग गुण वजा. त्या धाकात ती वाचून होण्याआधीच उत्तर ठरवायची.

दोन भेटी रडण्यात गेल्या. तिसऱ्या भेटीत मी वही ओढली.

"अ + ब म्हणजे अ ही ब ची आई. अ − ब म्हणजे अ हा ब चा भाऊ. आता म + न − प. प चं म शी नातं काय?"

"मुलगी."

"कशावरून?"

"न भाऊ आहे ना! म्हणजे प बहीण."

"बहीण कुठं लिहिलीय? बोट ठेव, बाय."

बोट म पासून प पर्यंत गेलं, परत आलं. मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहायला मला बरीच वर्षं लागली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "न मुलगा, एवढंच दिलंय. प चं मी धरलं. ठरवताच येत नाही."

मग हळूच विचारलं, "मागचा निकाल बघून बाबा गप्प बसले, म्हणजे ते तुझ्यावर नाराज आहेत, असं तू म्हणाली होतीस. हे दिलेलं की धरलेलं?"

तिचे डोळे भरले. "धरलेलं."

माझी बैठक मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराची. घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, हे मी कितीदा तरी समजावलंय. तीन अक्षरांत ते इतकं लख्ख कधी दिसलं नव्हतं.

अशा मुलांना मी सांगते: पर्याय झाका, आधी आकृती काढा. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, कळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह. सांकेतिक भाषेतही तेच. 'मासळी ताजी आली' म्हणजे 'पा को ती' आणि 'ताजी भाजी हवी' म्हणजे 'नू शे को', तर 'को' म्हणजे 'ताजी' एवढंच हाती लागलं. 'पा' म्हणजे मासळी, असं लिहायची घाई नको.

बाबांना तिने त्याच आठवड्यात विचारलं. निकाल बघून काय बोलावं ते त्यांनाच सुचत नव्हतं.

परवा तिने सराव परीक्षेचा कागद दाखवला. 35 पैकी 9 प्रश्न तिने हात न लावता सोडले होते, आणि ते सांगताना ती हसत होती.